रातव्याच्या पायातली चिठ्ठी

त्या शनिवारी सकाळी आमच्या घरातला फोन तीन वेळा वाजला आणि तिन्ही वेळा आम्ही तिघं होतो तिथंच बसून राहिलो. आमच्या घरी शनिवारी फोन उचलत नाहीत. आम्ही कोकणातले बेने इस्राएल. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आईच्या राज्यात विस्तव पेटत नाही, पेन उघडत नाही, आणि फोन कितीही बोंबलला तरी त्याला बोंबलू द्यायचं. टोरांटोला येऊन आठ वर्षं झाली होती. पण चौदाव्या मजल्यावरच्या त्या अपार्टमेंटमध्येही हा कायदा अलिबागकडच्या गावात होता तितकाच कडक होता. ओळखीच्या सगळ्यांना तो माहीत होता. त्यामुळे शनिवारी वाजणारा फोन एक तर राँग नंबर असायचा, नाही तर कुणाच्या तरी मरणाचा.

मला मात्र ठाऊक होतं फोन कशाचा आहे. माझ्या खोलीत, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली, एका वहीच्या पानांत मेलेल्या पक्ष्याची चिठ्ठी होती. ती मी आदल्या दिवशी चोरून आणली होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. शहरातल्या एका संग्रहालयाच्या तळघरात मला सहा महिन्यांचं काम मिळालं होतं: पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि तो मजकूर कार्डांवर टाइप करायचा. तळघरात लोखंडी कपाटांच्या रांगा होत्या. कपाटांत उथळ खण, खणांत पक्षी. आतलं मांस काढून, कातडीला कीड लागू नये म्हणून सोमल लावून, कापूस भरून, पाय एकमेकांवर आडवे बांधून पाठीवर निजवलेले. डांबराच्या गोळ्यांचा वास घरी आल्यावरही केसांतून जात नसे. आई म्हणायची, "तू आलीस की ट्रंक उघडल्यासारखं वाटतं गो."

खोलीच्या किल्ल्या एका म्हाताऱ्याकडे असायच्या. तो युक्रेनमधून आलेला होता आणि पक्ष्यांच्या कातड्या काढून भरण्याचं काम त्या तळघरात तीस वर्षं करत होता. एप्रिलमध्ये तो निवृत्त होणार होता. पहिल्याच दिवशी त्याने मला नियम सांगितला. पक्ष्याचं पीस गळलं तर चालेल, चोच तुटली तर चालेल, चिठ्ठी गेली तर तो पक्षी कचऱ्यात टाकायचा. कुठे सापडला, कधी सापडला, हे ज्याच्याबद्दल सांगता येत नाही तो पक्षी शास्त्राच्या कामाचा नाही. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी काढायची नाही. दुरुस्ती करायची तर तिच्याखाली दुसरी बांधायची. "तीस वर्षांत माझ्या हातून एक चिठ्ठी हरवलेली नाही," असं तो आठवड्यातून एकदा तरी म्हणायचा, आणि म्हणून झालं की लाकडाच्या टेबलावर बोटांनी टकटक करायचा.

मला तो आवडायचा. चिठ्ठ्या मात्र आवडत नव्हत्या. प्रत्येक चिठ्ठीवर गोळी घालणाऱ्या साहेबाचं नाव. जंगलात वाट दाखवणारा, पक्षी उचलून आणणारा, रात्रभर बसून कातडी काढणारा, यांतल्या कुणाचंच नाव नाही. मी दिवसाला साठ-सत्तर कार्डं टाइप करायची आणि साठ-सत्तर वेळा माझं डोकं तापायचं.

डोकं तापवायला मी लहानपणीच शिकले होते. माझे बाबा मुंबईला भायखळ्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. गिरणी कामगारांची, भाडेकरूंची, संपाची पत्रकं तिथं छापली जायची, आणि बिघडलेले कागद बाबा घरी आणायचे. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं असायची. वर्गातल्या मुली 'ग' गणपतीचा शिकल्या. माझा 'ग' गिरणीचा होता, 'स' संपाचा, 'ट' टाळेबंदीचा. दहाव्या वर्षी मला वाटायचं की लिहिणं म्हणजे कुणाला तरी जाब विचारणं. आजही मला फारसं वेगळं वाटत नाही.

तो आणीबाणीचा हिवाळा होता. देशात माणसं तुरुंगात होती आणि इथं आम्ही नऊ जण दर रविवारी एका चर्चच्या बेसमेंटमध्ये जमून पत्रकं काढत होतो. मराठी मजकूर माझ्याकडे होता. स्टेन्सिल मी हाताने कापायची, सायक्लोस्टाइल मशीन आमचा सेक्रेटरी फिरवायचा. पत्रकं पाहून भारतीय दुकानांतले लोक घाईघाईने भेंड्या निवडायला लागायचे. आम्हाला काहीतरी असं हवं होतं की ज्याने माणूस भेंडीवरून नजर उचलेल.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी रातव्यांच्या खणापर्यंत पोचले.

रातवा हा दिसायला काहीच नाही. वाळलेल्या पानांचा चुरा एकत्र करून त्याला पंख लावावेत, तसा. दिवसा जमिनीवर बसून राहतो आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही. चोच एवढीशी, पण तोंड उघडलं तर डोळ्यांच्या मागपर्यंत फाटतं, आणि तोंडाच्या कडेला ताठ केस. अंधार पडल्यावर त्या तोंडाने तो उडते किडे गोळा करत फिरतो. खणात सव्वीस रातवे होते. त्यांतला एक अंदमानचा. फक्त त्या बेटांवर राहणारा, इतरांपेक्षा जरा गडद. चिठ्ठीवर दक्षिण अंदमान, एका गोऱ्या अंमलदाराचं नाव, आणि विटलेल्या शाईतली तारीख.

सवयीने मी चिठ्ठी उलटी केली. मागे पेन्सिलीच्या चार ओळी होत्या. आधी वर एक आडवी रेघ ओढलेली, मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत नेलेली वळणं. ती मोडी होती. मला मोडी वाचता येत नव्हती, पण दिसल्यावर ओळखणारच. बाबांच्या वडिलांची पत्रं आमच्या ट्रंकेत होती.

अंदमान. काळं पाणी. तिथं मोडी लिहिणारा माणूस कोण असणार? साहेबाने कातड्या काढायला लावलेला बंदिवानच. आणि तो पक्ष्याच्या चिठ्ठीमागे चोरून काय लिहिणार? मला विचारच करावा लागला नाही. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहून टाकलं. मथळा होता 'अंदमानातून आलेली किंकाळी'. एका अनाम देशभक्ताने, दिवसभर काथ्या कुटून सोललेल्या हातांनी, जुलमाची साक्ष एका पाखराच्या पायाला बांधून जगाकडे पाठवली, आणि आज त्याच देशाचे तुरुंग पुन्हा भरलेत, असा तो मजकूर होता. लिहिताना मला रडू आलं. सेक्रेटरीने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "हे पेटणार बघ." गुरुवारी दोनशे प्रती निघाल्या. रविवारी वाटायच्या होत्या.

चिठ्ठीत खरोखर काय आहे, ते तेवढं वाचून घ्यायचं राहिलं होतं.

फोटोकॉपी काढून पाहिली. यंत्राला पेन्सिल दिसेना, नुसते काळे डाग उमटले. ट्रेसिंग पेपर लावून पाहिला. रेघ कुठली आणि डाग कुठला, कळेना. मोडी येणाऱ्या बाबांना तळघरात आणायचं तर क्युरेटरची लेखी परवानगी लागणार होती. परवानगी मागणं मला लाचारी वाटलं. ज्यांनी बंदिवानाचा पक्षी लुटून आणला त्यांच्यापुढे बंदिवानाच्या भाषेतली चिठ्ठी वाचायला अर्ज करायचा? शुक्रवारी म्हातारा जेवायला गेला तेव्हा किल्ली टेबलावर होती. मी खण उघडला. गाठ नखाने सुटेना. मग मी कात्री घेतली.

घरी पोचायला उशीर झाला. रस्त्यावर बर्फाचा चिखल होता, स्ट्रीटकार अडकली होती. दार उघडलं तेव्हा आईने डोक्यावर पदर घेऊन दिवा लावलाही होता. बेदाण्याच्या सरबताचा पेला बाबांच्या समोर होता.

"बाबा, एक कागद वाचायचाय. मोडी."

"दिवा लागला," आई म्हणाली. "आता कामाचे कागद नाहीत."

"वाचायचाच तर आहे. लिहायचा थोडाच आहे?"

"काल काय झालं होतं वाचायला? परवा काय झालं होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. ते स्वतः कुठला देव मानत नव्हते. पण लग्नाच्या दिवशी शनिवारी खिळ्याला हात लावणार नाही असा त्यांनी आईला शब्द दिला होता, आणि मालकाशी भांडून, रविवारी राबून तो शब्द पाळला होता.

म्हणून शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा चिठ्ठी न वाचलेलीच होती. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी उठले. आईने खुर्ची फिरवून तोंड खिडकीकडे केलं.

पलीकडे म्हातारा होता.

"ऐक पोरी. पक्ष्यांचा अभ्यास करणारा तो परदेशातला पाहुणा सोमवारी यायचा होता ना? आजच आलाय. दोन वाजता रातव्यांचा खण उघडायचाय. अंदमानवाला आधी. त्याच्यासाठीच तर आलाय तो. बेटावरचा हा पक्षी वेगळी जात आहे की मुख्य भूमीवरच्याचाच भाऊबंद, ते ठरवायचंय म्हणतो."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी सकाळी खण लावायला गेलो. अंदमानवाल्याच्या पायात चिठ्ठी नाही. दोरा कापलेला आहे. तीस वर्षांत मी कात्री वापरणारा उंदीर पाहिलेला नाही."

"क्युरेटरना सांगितलंत?"

"नाही. सांगेन, माझ्या हातून झालं. साफ करताना. हात थरथरतात, सगळ्यांना दिसतं. एप्रिलमध्ये जाणारच आहे."

"नाही," मी म्हटलं. "असं अजिबात सांगायचं नाही. बाबांकडून वाचून घ्यायला मी ती घरी आणली. मी घेऊन येते."

"मग दोनच्या आत ये," तो म्हणाला. आणि वर म्हणाला, "मला विचारायचंस तरी. मागच्या दाराने मी तुझ्या बापाला काय, बैल आणला असता तरी आत घेतलं असतं."

मी फोन ठेवला. अकरा वाजून गेले होते.

"फोन उचललाच आहेस," बाबा म्हणाले, "तर आता कागदही आण."

आई खिडकीतून बाहेरच पाहत राहिली. पण नको म्हणाली नाही.

बाबांनी प्रुफं तपासायचं भिंग काढलं आणि चिठ्ठी ताटाच्या कडेला टेकवून उजेडात धरली. एवढीशी, दोन बोटं रुंद. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांचे ओठ आधी नुसते हलले. मग ते मोठ्याने वाचू लागले, शाळेतल्या मुलासारखे एकेक शब्द सोडवत.

"नर. पोटात वाळवी, भुंगेरे. संध्याकाळी वाटेवर बसलेला धरला." भिंग पुढे सरकलं. "घरच्या रातव्यासारखा बोलत नाही. लाकडावर घाव घालावा तसा बोलतो. साहेब दोन्ही एकच म्हणतात." मग त्यांनी चिठ्ठी तिरकी केली. शेवटच्या ओळीवरून कागद मुडपला होता. "एक नाहीत."

"पुढे?"

"पुढे दोरा ओवायचं भोक."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

मी आत जाऊन पत्रक आणलं आणि त्यांच्या पुढ्यात टाकलं. त्यांनी ते भिंगाशिवाय वाचलं. छपाई चांगली होती.

"याची कॉपी कुठाय?" त्यांनी विचारलं.

छापखान्यात कॉपी म्हणजे मूळ लिखाण. ते समोर उभं केल्याशिवाय बाबांनी आयुष्यात एक खिळा उचलला नव्हता. संपाच्या धामाधुमीत पुढारी दारात उभं राहून तोंडी मजकूर सांगायला लागले, तरी बाबा म्हणायचे, आधी लिहून द्या.

"कॉपी ही," मी चिठ्ठीकडे बोट केलं.

"हिच्यात किंकाळी कुठल्या ओळीत आहे?"

"बाबा, तो काळ्या पाण्यावर होता! त्याच्यावर काय जुलूम झाला असेल..."

"असेल. नसेल. चोर असेल. कुणाचा गळा कापून गेलेला असेल."

"असं म्हणू नका."

"मग काय म्हणू, बाय? तू देशभक्त म्हणतेस, मी चोर म्हणतो. दोन्ही कॉपीत नाही. हा माणूस चार ओळी लिहून गेला. त्या तू वाचल्यासुद्धा नाहीस, आणि दोनशे कागदांवर त्याला भलतंच बोलायला लावलंस. साहेबही तेच करत होता की."

बाबा मला कधी मारत नसत. त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी कोट चढवला. बाबाही बूट घालायला लागले. मी म्हटलं, तुम्ही कशाला? ते म्हणाले, "प्रूफ मी वाचलंय. विचारलं तर उभं मी राहायचं." पण शनिवारी ते गाडीत बसणार नव्हते. सबवेत नाही, बसमध्ये नाही. संग्रहालय चालत दीड तासावर होतं. आई उठली, त्यांच्या गळ्यात मफलर गुंडाळला आणि एवढंच म्हणाली, "अहो, तिथं लिहू नका हं. चांदण्या दिसेपर्यंत."

मी एकटी पुढे गेले असते तर वेळेआधी पोचले असते. पण मजकूर वाचता येणारा माणूस मागे टाकून नुसता कागद नेण्यात काय अर्थ होता? बाबा सावकाश चालायचे. फुटपाथवर शोव्हल केलेल्या बर्फाचे ढीग, मधेच काच झालेला बर्फ. मी दहा पावलं पुढे जायची, थांबायची, घड्याळ बघायची. चिठ्ठी माझ्या ब्लाउजच्या आत, वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये होती. तिच्या कोपऱ्याला कापलेल्या दोऱ्याचं टोक होतं आणि ते चालताना टोचत होतं. डोळ्यांपुढे म्हातारा दिसत होता: क्युरेटरसमोर उभा, थरथरते हात पुढे केलेले.

वाटेत पार्कमधलं तळं लागलं. तळं गोठलेलं होतं. काठावर दोन मुलं उभी राहून बर्फावर खडे फेकत होती. सपाट खडा बर्फावर आपटायचा, उडायचा, पुन्हा आपटायचा, आणि पार लांब जाईपर्यंत गोठलेलं पाणी आतून वाजायचं.

बाबा थांबले.

"बाबा, दीड वाजत आला."

"थांब."

त्यांनी खाली वाकून, हातमोजा काढून, बर्फात बोटं खुपसून एक खडा उकरला. मुलं बघत राहिली. त्यांनी तो फेकला. टक. टक. टक-टक-टकटकरर्र. ठोके जवळ जवळ येत, घाई करत, शेवटी विरून गेले.

"हाच," बाबा म्हणाले. "हाच तो. आमच्या बांधावरचा रातवा. तंतोतंत."

त्यांनी आणखी एक खडा उकरला. मी जवळजवळ किंचाळले, "तिथं त्या म्हाताऱ्याची अब्रू चाललीय आणि तुम्ही खेळताय!"

"खेळत नाही गो. घरचा कसा बोलतो ते आता मला सांगता येईल. मघापासून तेच बघतोय, तोंडाने काढता येत नव्हतं." आणि दुसरा खडा फेकून, तो पार थांबेपर्यंत ऐकून, मगच ते निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. खण टेबलावर होता. क्युरेटर, तो परदेशातून आलेला पाहुणा आणि म्हातारा असे तिघं उभे होते. म्हाताऱ्याने टोपी हातात घेतली होती आणि तो बोलत होता. मी पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

"चिठ्ठी मी कापली. काल दुपारी. हे जेवायला गेले होते, किल्ली टेबलावर होती, ती मी न विचारता घेतली. यांना आज सकाळी कळलं."

क्युरेटर उंच आणि अतिशय सभ्य माणूस होता. त्याचा आवाज चढला नाही. तो म्हाताऱ्याकडे वळला. "आणि आत्ता तुम्ही मला सांगत होता की ती तुमच्या हातून तुटली."

म्हातारा टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"ते मला वाचवायला खोटं बोलत होते," मी म्हटलं.

"चिठ्ठीचा नियम तुम्हाला सांगितला होता?"

"पहिल्या दिवशी."

"मग तुम्हीच सांगा. एक रात्र हा कागद या इमारतीबाहेर होता. तो याच पक्ष्याचा आहे हे मी कशावरून मानू? तुमच्या शब्दावरून?"

जुलूम, साम्राज्य, लूट, सगळे शब्द तयार होते आणि एकाचाही उपयोग नव्हता. मी वही उघडून चिठ्ठी टेबलावर ठेवली. पाहुणा पक्ष्याकडे बघत होता. हजारो मैल ओलांडून तो ज्याच्यासाठी आला होता तो पक्षी आता कचरा होता का, एवढाच प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता.

म्हाताऱ्याने टोपी ठेवली. पक्ष्याच्या पायावरचा दोरा चिमट्याने सरळ केला, चिठ्ठीचा दोरा त्याच्यासमोर आणला आणि वर भिंगाचा दिवा ओढला. "या खोलीत मी नेहमी पांढरा सुती दोरा वापरतो," तो म्हणाला. "माझ्या आधीच्यानेही तोच वापरला. हा सुती नाही. हा कुठल्याही दुकानातला नाही. दोन्ही तुकडे एकाच पिळाचे आहेत. पण कशाचे, मला माहीत नाही."

बाबा दाराशीच उभे होते. त्यांनी विचारलं, "मी बघू?"

क्युरेटरने भुवई उंचावली. मी म्हटलं, "माझे वडील. मागचं लिखाण त्यांना वाचता येतं."

बाबा वाकले. हात पाठीमागेच ठेवले. एक क्षणही गेला नसेल.

"काथ्या आहे," ते मराठीतच म्हणाले, आणि मग इंग्रजीत, "नारळाच्या सोडणाचा. हाताने मांडीवर वळलेला. आमच्याकडे पोरंसुद्धा वळतात."

काथ्या कुटून सोललेले हात मी पत्रकात लिहिले होते. दोनशे कागदांवर. आणि त्या हातांनी वळलेला काथ्या माझ्या बोटांत होता तेव्हा मी तो कात्रीने कापला, तो कशाचा आहे हे न बघता. त्या माणसाची त्या खोलीत उरलेली एवढीच एक वस्तू होती.

पाहुण्याने दोन्ही टोकं भिंगाखाली बराच वेळ पाहिली. मग क्युरेटरला म्हणाला, "मला पुरेसं आहे. मागे काय लिहिलंय?"

बाबांनी वाचलं आणि मी इंग्रजीत सांगत गेले. 'एक नाहीत' हे ऐकल्यावर पाहुण्याने वही काढली. "घाव घालावा तसा, म्हणजे कसा? आणि घरचा कसा?"

बाबांनी टेबलावर बोटाच्या पेराने ठोकलं. एकसारखं, लाकडावर, न थांबता. "हा बेटावरचा असावा. मी ऐकलेला नाही, हा लिहितो त्यावरून." मग खिडकीकडे हात केला. "आमच्या घरचा ऐकायचा असेल तर पार्कमधल्या तळ्यावर जा. खडा फेका."

पाहुणा हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

"वाचन नोंदवायचं तर वाचणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून सही करावी लागेल," क्युरेटर म्हणाला. त्याने पेन्सिल पुढे केली.

बाबांनी हात मागेच ठेवले. "चांदण्या दिसल्यावर."

"आम्ही पाच वाजता बंद करतो."

"मग सोमवारी येतो."

"सोमवारी मी विमानात असेन," पाहुणा म्हणाला. "मी थांबतो." आणि त्याने खरंच स्टूल ओढलं. म्हाताऱ्याने किटली लावली. क्युरेटर मागचं दार उघडं ठेवायला सांगून वर निघून गेला.

आम्ही जवळजवळ चार तास थांबलो. माझी उद्याची पत्रकं डोक्यात घुमत होती. बाबांना म्हटलं, सेक्रेटरीला काय सांगू? ते म्हणाले, "मागच्या बाजू कोऱ्या आहेत ना?" पुढे तेच झालं. पुढच्या बाजूवर मी दोनशे वेळा फुली मारली आणि मागे त्या माणसाच्या चार ओळी जशाच्या तशा काढल्या. खाली एकच वाक्य लिहिलं, की हे आधी न वाचता मी याच्या नावावर खोटं छापलं होतं. सेक्रेटरी म्हणाला, वाळवी आणि भुंगेऱ्यांनी कोण पेटणार? भांडण झालं आणि मी तो ग्रुप सोडला. पत्रकं काढणं सोडलं नाही.

तळघराच्या छताजवळ एक आडवी खिडकी होती. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे बूट दिसायचे. बूट निळसर झाले, मग काळे. रस्त्यावरचे दिवे लागले. बाबा वर जाऊन अंगणात उभे राहिले आणि थोड्या वेळाने कान लाल करून परत आले. "तीन दिसल्या."

क्युरेटर खाली आला होता. त्याने आधी माझ्याकडून ओळखपत्र मागितलं आणि मी दिलं. सोमवारपासून येऊ नका, असं तो सभ्यपणे म्हणाला. म्हाताऱ्याला काही म्हणाला नाही. पाहुण्यादेखत नसेल म्हणायचं, असं मला वाटलं. पण नंतरही म्हणाला नाही, हे म्हाताऱ्यानेच मला एप्रिलमध्ये फोन करून सांगितलं.

बाबांनी कोरी चिठ्ठी घेतली. वर आडवी रेघ ओढली आणि मोडीत ओळी उतरवल्या. खाली बाळबोध लिपीत. इंग्रजी म्हाताऱ्याने लिहिलं. पक्ष्याला हात लावायची मला आता मुभा नव्हती, म्हणून मी हात खिशात घालून उभी होते.

"बाबा, लिहिणाऱ्याचं?"

"नाव नाही."

"बंदिवान तरी लिहा."

"कॉपीत आहे?"

"नाही."

त्यांनी पेन्सिल तशीच धरून ठेवली. पाहुणा, म्हातारा, कुणीच घाई केली नाही. मग त्यांनी शेवटची ओळ लिहिली: दोरा काथ्याचा, हाताने वळलेला, मधे कापलेला. आणि खाली सही केली.

म्हाताऱ्याने काथ्याची दोन टोकं पांढऱ्या दोऱ्याने जोडली. त्याचे हात थरथरत होते, पण गाठ एकदाच मारावी लागली. नवी चिठ्ठी त्याने जुनीच्या खाली बांधली, पक्षी उचलून इतर पंचवीस रातव्यांच्या शेजारी निजवला आणि खण आत सारला.